टीव्हीवर चित्र आलं, आवाज कुठे गेला? एचडीएमआयचा आवाज लावायची रीत

एप्रिल लागला की नागपुरात खिडकीखिडकीत कूलर सुरू होतात. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा गार असते, पण पंख्याच्या घरघरीत लॅपटॉपचे दोन छोटे स्पीकर पार बुडून जातात. मग ऑनलाइन क्लास असो, आयपीएलची मॅच असो की पोरांचं कार्टून, लोक लॅपटॉप एचडीएमआय केबलने, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलने, सरळ टीव्हीला जोडतात. चित्र लगेच येतं. आवाज मात्र लॅपटॉपातूनच येत राहतो, नाहीतर कुठूनच येत नाही.

अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: ड्रायव्हर (विंडोजला चिपशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) काढ आणि नवीन टाक. काही जण तर विंडोजच पुन्हा टाकून घेतात आणि त्यात फोटो, कागदपत्रं गमावून बसतात. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना मी आवर्जून सांगतो की ड्रायव्हरला हात सगळ्यात शेवटी लावा. तपासणी टीव्हीपासून सुरू करा आणि मग कम्प्युटरकडे या. असं का, ते समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात.

आवाज निघतो कुठून

बहुतेक कम्प्युटरमध्ये आवाजाची सोय दोन वेगळ्या ठिकाणी असते. एक मदरबोर्डवरची चिप, बहुधा रिअलटेकची. हेडफोनची पिन आणि लॅपटॉपचे स्पीकर तिच्याकडे असतात. दुसरी सोय ग्राफिक्स चिपच्या पोटात असते आणि ती फक्त डिस्प्लेच्या केबलमधून आवाज पाठवते. विंडोजमध्ये तिचं नाव 'एनव्हीडिया हाय डेफिनिशन ऑडिओ', 'एएमडी हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' किंवा 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' असं दिसतं. म्हणून रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी टीव्हीच्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

आता केबलमध्ये काय घडतं ते पाहू. एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. त्यात आवाजासाठी वेगळी तार ठेवलेलीच नाही. चित्राच्या ज्या तारा, त्यातूनच आवाजही जातो. फुल एचडी चित्रात एका ओळीत १९२० ठिपके दिसतात, पण पाठवताना ती ओळ २२०० ठिपक्यांएवढी लांब धरलेली असते. उरलेले २८० ठिपके म्हणजे दोन ओळींमधली मोकळी जागा. काचेच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपवून दुसरीच्या सुरुवातीला परत जायचा, त्या वेळेसाठी ही जागा ठेवायचे. ते टीव्ही गेले, जागा राहिली. एचडीएमआय त्याच फटींमध्ये आवाजाची पाकिटं भरतं.

आकडे पाहिले की याचा अंदाज येतो. सेकंदाला ६० फ्रेमचं फुल एचडी चित्र म्हणजे सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचा साधा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख ३६ हजार बिट, चित्राच्या जवळपास दोन हजाराव्या भागाएवढा. म्हणून ज्या केबलमधून चित्र न थरथरता येतं तिच्यातून आवाज येणारच. "आवाजासाठी भारी केबल घ्या" असं कोणी म्हटलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि आता मुख्य मुद्दा. केबल जोडताक्षणी टीव्ही आपली माहिती कम्प्युटरला देतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मूळ १२८ बाइटच्या तुकड्यात चित्राबद्दल असतं: मी कोण, किती रिझोल्यूशन दाखवतो वगैरे. एचडीएमआयवाला टीव्ही त्याला आणखी एक तुकडा जोडतो, त्यात लिहिलेलं असतं की मला आवाज चालतो, इतके चॅनल चालतात, या या दराने चालतात. ग्राफिक्स ड्रायव्हर हे वाचतो आणि त्यावरूनच विंडोजला सांगतो की आवाजाचं एक नवं उपकरण आलं. टीव्ही बंद असेल, किंवा मधल्या एखाद्या कन्व्हर्टरने हा तुकडा गिळला असेल, तर ड्रायव्हर समजतो की समोर फक्त चित्र दाखवणारा पडदा आहे. मग यादीत टीव्हीचं नाव येतच नाही. ड्रायव्हर बिघडलेला नसतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिली पायरी: जोडणी

टीव्ही आणि कम्प्युटर, दोन्ही बंद करून केबल जोडा. एचडीएमआय चालू स्थितीतही जोडता येते हे खरं आहे, पण नागपुरातल्या महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांमध्ये आणि कितीतरी भाड्याच्या खोल्यांमध्ये सॉकेटला अर्थिंग नावालाच असतं. लॅपटॉप किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावला की बारीक झिणझिण्या येत असतील तर समजा की गळतीचा करंट आहे. अशा वेळी चालू मशीनमध्ये पिन खुपसली की पोर्ट जळू शकतो, आणि मग आवाजाबरोबर चित्रही जातं. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेणं हाच त्यावरचा खरा उपाय.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टात लावा. मागे मदरबोर्डचाही एक एचडीएमआय पोर्ट असतो आणि नवखा माणूस हमखास तिथेच लावतो. केबल ज्या पोर्टात, आवाजही त्याच चिपचा. लॅपटॉपमध्ये निवड आपल्या हाती नसते. दोन ग्राफिक्स चिप असल्या तरी एचडीएमआय पोर्ट आतून कोणत्या तरी एकीलाच जोडलेला असतो. एनव्हीडियाचा लॅपटॉप असूनही यादीत फक्त 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' दिसत असेल तर घाबरू नका, पोर्ट इंटेलकडे आहे एवढाच त्याचा अर्थ.

कन्व्हर्टर घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाणार असाल तर आधी आपल्या मशीनला नेमका कोणता पोर्ट आहे ते पाहून, जमल्यास फोटो काढून जा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, ते १९८७ सालचं निव्वळ चित्राचं मानक आहे. म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घेताना त्याच्या अंगाला साडेतीन मिलिमीटरचं ऑडिओ भोक आहे का ते बघा, नसेल तर घेऊ नका. डीव्हीआयही नियमाने फक्त चित्रासाठीच आहे. काही ग्राफिक्स कार्डं डीव्हीआय पोर्टातून आवाज सोडतात, पण त्या भरवशावर राहू नका. २००६ मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्टमधून आवाज जातो आणि डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणाऱ्या साध्या कन्व्हर्टरमधूनही जातो. यूएसबी-सी पोर्टाचं मात्र तपासावं लागतं. सगळेच चित्र बाहेर देत नाहीत. जो देतो तो आवाजही देतो.

दुसरी पायरी: टीव्हीकडे पाहा

रिमोट हातात घ्या. म्यूट नाही ना, आवाज शून्यावर नाही ना, हे आधी बघा. मॉनिटर असेल तर त्याच्या बटणांनी मेनू उघडा. बऱ्याच मॉनिटरमध्ये आवाजाचा वेगळा विभाग असतो, तिथे 'ऑडिओ सोर्स' एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवर असायला हवा. तो 'ऑडिओ इन'वर असेल तर मॉनिटर ऑक्स केबलची (दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेल्या साध्या ऑडिओ केबलची) वाट पाहत बसतो.

मॉनिटरला स्पीकर आहेत का, हेही पाहा. पुष्कळ मॉनिटरना नसतात, फक्त मागे हेडफोनचं भोक असतं. कम्प्युटर अगदी बरोबर आवाज पाठवत असतो, मॉनिटर तो स्वीकारत असतो, पण ऐकवायला त्याच्याकडे काही नसतं. त्या भोकात ऑक्स केबलने स्पीकर लावला की काम झालं.

जुन्या टीव्हींची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही टीव्हींत एखाद्या एचडीएमआय पोर्टाशेजारी 'डीव्हीआय' असं लिहिलेलं असतं, किंवा इनपुटला नाव देताना 'डीव्हीआय पीसी' असा पर्याय असतो. तो निवडला की टीव्ही गृहीत धरतो की केबलमधून फक्त चित्र येणार, आवाज वेगळ्या पिनेतून येणार. मग तो एचडीएमआयचा आवाज ऐकवतच नाही. इनपुटचं नाव बदला किंवा केबल दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात लावा. कम्प्युटरच्या बाजूने कितीही खटपट केली तरी हा दोष सापडत नाही.

तिसरी पायरी: विंडोजमध्ये आउटपुट निवडा

दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

१. टीव्ही सुरू करून बरोबर इनपुटवर ठेवा, मग कम्प्युटर सुरू करा.

२. विंडोज बटण आणि पी एकत्र दाबा. 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडा. 'पीसी स्क्रीन ओन्ली' असेल तर टीव्हीला चित्र जात नाही, आणि चित्र नाही तर आवाज नाही. ज्यांना टीव्हीतून फक्त गाणी ऐकायची आहेत त्यांनाही चित्र चालू ठेवावंच लागतं, कारण आवाज त्याच्याच फटींमधून प्रवास करतो.

३. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा. 'आउटपुट'च्या यादीत टीव्हीचं नाव शोधा आणि ते निवडा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की ही यादी थेट समोर येते.

४. नाव दिसत नसेल तर विंडोज ११ मध्ये त्याच पानावर तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. विंडोज १० मध्ये त्याला 'साउंड कंट्रोल पॅनेल' म्हणतात. जुन्या पद्धतीची चौकट उघडेल. 'प्लेबॅक'मध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' व 'शो डिसकनेक्टेड डिव्हायसेस' या दोन्हींवर खूण करा. टीव्ही फिक्कट दिसला आणि खाली 'डिसेबल्ड' असेल तर राइट क्लिक करून 'एनेबल' करा, मग 'सेट डिफॉल्ट'.

५. 'टेस्ट' दाबा. डावीकडून, उजवीकडून आवाज आला की ही पायरी संपली.

'डिसकनेक्टेड' किंवा 'नॉट प्लग्ड इन' दिसत असेल तर टीव्हीची ओळख कम्प्युटरपर्यंत पोचलेली नाही. मागे जा: मधला स्प्लिटर, कन्व्हर्टर काढून केबल थेट लावा, पोर्ट बदला. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून पाहा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि कधी कधी ओळखपाळख पुन्हा नीट होते.

टेस्टचा आवाज येतो पण व्हिडिओचा येत नाही, असं झालं तर दोष त्या अॅपचा आहे. झूम आणि मीटमध्ये स्पीकरची निवड स्वतंत्र असते. व्हीएलसीत 'ऑडिओ' मेनूमध्ये 'ऑडिओ डिव्हाइस' असतं. ब्राउझर कधी कधी जुन्याच उपकरणाला चिकटून राहतो, तो पूर्ण बंद करून उघडा.

याच्या उलट तक्रारही तेवढीच येते. लॅपटॉपला नुसता मॉनिटर लावला आणि लॅपटॉपचा आवाज गेला. विंडोजने नवं उपकरण दिसताच आवाज तिकडे वळवला, आणि मॉनिटरला स्पीकर नाहीत. वरच्याच यादीत लॅपटॉपचे स्पीकर निवडा. मॉनिटरकडून आवाज कधीच नको असेल तर 'प्लेबॅक'मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करून टाका, रोजची कटकट जाते.

चौथी पायरी: ग्राफिक्सचं पॅनेल

एनव्हीडिया असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा. डावीकडे 'डिस्प्ले'खाली 'सेट अप डिजिटल ऑडिओ' आहे. तिथे कार्डाचे पोर्ट आणि त्यांना जोडलेले पडदे दिसतात. टीव्हीसमोर 'टर्न ऑफ ऑडिओ' असेल तर ते बदलून टीव्हीचं नाव निवडा. दोन मॉनिटर आणि एक टीव्ही असा पसारा असेल तर हे पान फार कामाचं: ज्यांना स्पीकर नाहीत त्यांचा आवाज इथूनच बंद करता येतो.

इंटेल आणि एएमडीमध्ये नवख्याला हात लावण्यासारखं फार नाही, निवड विंडोजच्याच यादीतून होते.

पाचवी पायरी: आता ड्रायव्हर

विंडोज आणि एक्स दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये एनव्हीडिया, एएमडी किंवा इंटेल डिस्प्ले ऑडिओचं नाव आहे का पाहा. खाली बाण असेल तर ते बंद केलेलं आहे, राइट क्लिक करून सुरू करा. नावच नसेल तर 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये जा. तिथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' एकाहून अधिक वेळा दिसू शकतो, एक मदरबोर्डचा आणि एक ग्राफिक्स कार्डाचा. ग्राफिक्सवाला बंद असेल तर त्याच्या पुढची सगळी साखळीच दिसेनाशी होते.

एवढं करूनही काही नसेल तर ड्रायव्हर नव्याने टाका. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा घ्या, नाहीतर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, मी हे कळकळीने सांगतो. एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम' निवडलंत तर 'एचडी ऑडिओ ड्रायव्हर'वर खूण असू द्या. फक्त गेमसाठी हवं ते ठेवून बाकी काढायची सवय असलेले लोक नेमकी हीच खूण काढतात. अपडेटनंतरच आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी वापरून पाहा.

आवाज आला, पण नीट नाही

संगीत मोठं आणि संवाद दबलेले, ही तक्रार आली की 'प्लेबॅक'मध्ये टीव्ही निवडून 'कॉन्फिगर' पाहा. ५.१ (सहा चॅनलचा सराउंड आवाज) निवडलेलं असेल तर सिनेमातले संवाद मधल्या स्पीकरच्या चॅनलमध्ये जातात. तुमच्याकडे टीव्हीचे दोनच स्पीकर असतील आणि टीव्हीला ते नीट मिसळता येत नसेल तर माणसं कुजबुजल्यासारखी वाटतात. 'स्टिरिओ' करा. एचडीएमआयला साध्या डिजिटल आवाजाचे ८ चॅनल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत झेपतात, पण घरच्या टीव्हीला ४८ किलोहर्ट्झ आणि स्टिरिओ पुरे. साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टात लावा. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच साउंडबारकडे परत पाठवायची ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. लॅपटॉप टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात.

ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर, किंवा उलट, असं दिसलं तर टीव्हीचा 'गेम मोड' लावा किंवा इनपुटला 'पीसी' असं नाव द्या. चित्र सजवण्यात टीव्ही जो वेळ घेतो तो वाचतो. गाण्याचा पहिला शब्द कापला जातो, तेव्हा शांततेत झोपलेली जोडणी जागी व्हायला क्षणभर घेत असते. तो बिघाड नाही.

विंडोजचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त रिमोटने करा. डॉल्बीचा आवाज न उलगडता थेट पाठवला जात असेल तेव्हा तर विंडोजची पट्टी लागूच होत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी

'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हे छोटं सॉफ्टवेअर टाका. त्यात 'कॉन्फिगरेशन'मध्ये ग्राफिक्स कार्डासमोर 'प्रोफाइल' असतं, तिथे 'डिजिटल स्टिरिओ एचडीएमआय' निवडा. एचडीएमआय २, एचडीएमआय ३ असे पर्याय दिसतील. कार्डाचे पोर्ट अनेक असतात म्हणून ते असतात. ज्याच्यापुढे 'अनप्लग्ड' लिहिलेलं नाही तो तुमचा. जुन्या एएमडी कार्डांसाठी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सूचना देऊन आवाज सुरू करायचे सल्ले इंटरनेटवर अजून फिरतात. या कार्डांच्या 'रेडिऑन' ड्रायव्हरमध्ये २०१४ च्या कर्नल ३.१३ पासून एचडीएमआयचा आवाज मुळातच सुरू असतो, त्यामुळे त्या सल्ल्यांच्या नादी लागू नका.

सभागृहात कार्यक्रम असेल तर

शाळेचं स्नेहसंमेलन, अभ्यासिकेतलं व्याख्यान, लग्नातला फोटोंचा व्हिडिओ: इथे प्रोजेक्टर एचडीएमआयवर असतो आणि साउंडवाल्याची ऑक्स केबल लॅपटॉपच्या हेडफोन भोकात. एचडीएमआय लागताच विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे वळवू शकतं. प्रोजेक्टर छताला टांगलेला, त्याचा स्पीकर असला तरी बोटाएवढा. समोर दोनशे माणसं बसलेली आणि साउंडवालेभाऊ मिक्सरच्या बटणांशी झटत राहतात. त्यांचा काही दोष नसतो. यादीतून हेडफोन किंवा स्पीकर निवडला की हॉल भरून आवाज येतो. हे पाहुणे यायच्या आधी करून ठेवा, सगळ्या केबल लावूनच व्हिडिओचं अर्धं मिनिट वाजवून बघा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत प्रोजेक्टरची केबल कोणाला काढू देऊ नका, कारण ती पुन्हा लागली की विंडोज आपली निवड पुन्हा बदलू शकतं.